पासिंग २०३० पर्यंत आहे, पण मधली पंधरा वर्षं?

वाचकाचं पत्र: नमस्कार. अमळनेरला माझं किराणा दुकान आहे. वडिलांना दर महिन्याला धुळ्याला दवाखान्यात न्यावं लागतं, म्हणून जुनी गाडी घ्यायचं ठरवलंय. धुळ्यातल्या एका डीलरकडे डिझेल स्विफ्ट पाहिली. नोव्हेंबर २०१० ची, नाशिक पासिंगची, मीटरवर ७२,००० किलोमीटर. गेल्या नोव्हेंबरात आरटीओत पुन्हा पासिंग झालंय, २०३० पर्यंत. पीयूसी नवीन काढलेली आहे, इन्शुरन्स थर्ड पार्टी आहे. आरसी अजून नाशिकच्या मालकाच्याच नावावर आहे, पण गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या टीटी फॉर्मवर त्यांच्या सह्या आहेत. डीलर माझ्या शालकांच्या ओळखीचा. तो म्हणतो, सरकारनेच गाडी पास केली, आता आणखी काय तपासायचं? आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहीण येणार, त्याआधी गाडी दारात यावी असं घरच्यांना वाटतं. गाडीच्या आधीच्या तपासण्यांची माहिती कुठे मिळते? एवढ्या कागदांवर भरवसा ठेवून पैसे द्यावेत का? – एक वाचक, अमळनेर

भाऊ, नमस्कार.

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: एवढ्या कागदांवर पैसे देऊ नका, टोकनसुद्धा नको. गाडी वाईट आहे असं यातून म्हणता येत नाही. पण पासिंग, पीयूसी आणि इन्शुरन्स हे तुम्हाला दाखवलेले तिन्ही कागद गेल्या काही महिन्यांतले आहेत, आणि गाडी पंधरा वर्षांहून जुनी आहे. मधल्या काळाचा एकही कागद तुमच्या हातात आलेला नाही.

पासिंगचा अर्थ नीट समजून घ्या. आपल्याकडे खासगी चारचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती पंधरा वर्षं भरेपर्यंत पीयूसी सोडली तर कोणतीही सरकारी तपासणी होत नाही. पंधरा वर्षं झाली की फॉर्म २५ भरून गाडी आरटीओत न्यायची, ती पास झाली की पुढची पाच वर्षं मिळतात. म्हणजे तुमच्या स्विफ्टची रस्त्यावर आल्यापासूनची पहिली सरकारी तपासणी गेल्या नोव्हेंबरात झाली. त्यात चेसिस नंबर जुळतो का, ब्रेक लागतात का, दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, आरसे, सीटबेल्ट, टायर ठीक आहेत का, एवढं पाहतात. इंजिन उघडून कोणी पाहत नाही. अप्रनचा (बॉनेटखाली दोन्ही बाजूंना असलेला) पत्रा कापून जोडलाय का, गाडी पाण्यात गेली होती का, मीटर मागे फिरवलंय का, हे त्या तपासणीचे विषयच नाहीत. पासिंगच्या दिवसापुरते चांगले टायर चढवायचे आणि नंतर उतरवून ठेवायचे, ही चाल तर फार जुनी आहे. त्यामुळे ‘सरकारनेच पास केली’ हे त्या एका दिवसापुरतं खरं मानायचं.

आता आधीच्या तपासण्यांबद्दल. खासगी गाडीच्या सगळ्या तपासण्या एका जागी लिहिलेल्या सापडतील असं कोणतंही दफ्तर आपल्याकडे नाही. माहिती तुकड्यातुकड्यांत पडलेली असते: थोडी आरटीओकडे, थोडी पीयूसीवाल्याकडे, थोडी विमा कंपनीकडे, बरीचशी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे, आणि राहिलेली गाडीच्या पत्र्यावर, काचांवर आणि टायरवर. हे तुकडे तुम्हालाच जोडावे लागतील. दुकानातल्या खतावणीच्या वहीचं एक पान घ्या. डाव्या बाजूला एकाखाली एक २०१० ते २०२६ अशी सालं लिहा. समोर तीन रकाने आखा: कागद कोणता, तारीख काय, किलोमीटर किती. जो कागद हाती लागेल तो त्या त्या सालासमोर टिपत जा. एकेका कागदाकडे पाहून काही कळत नाही, ओळीने मांडले की कोणती सालं कोरी राहिली ते लगेच दिसतं. खोटा कागद बनवणारासुद्धा एकच बनवतो, सोळा वर्षांचे कागद एकमेकांशी जुळवत बसत नाही.

पहिलं काम घरबसल्या होतं. एमपरिवहन ॲपवर किंवा परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाका. नोंदणीची तारीख, पासिंगची मुदत, विम्याची आणि पीयूसीची मुदत, मालक कितवा, गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, इंधन कोणतं आणि भारत स्टेज (बीएस, म्हणजे प्रदूषणाच्या नियमांचा टप्पा) कोणता, एवढं दिसतं. डीलरच्या कागदांवरची प्रत्येक तारीख याच्याशी ताडून पाहा. मालकाचं नाव तिथे अर्धवट झाकलेलं असतं, तरी आद्याक्षरांवरून आरसीशी जुळतं का ते कळतं. मग महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलनाच्या साइटवर जा. तिथे गाडीच्या नंबरासोबत चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात. थकलेला दंड किती आहे ते पाहाच, पण दंड कुठे आणि कधी झाला तेही पाहा. ‘गाडी नाशिकातच, घर ते ऑफिस एवढीच चालली’ असं सांगितलं जात असेल आणि चलनं मुंबई-आग्रा महामार्गावरच्या वेगमर्यादेची निघत असतील, तर ती तारीख वहीत टिपा. तिसरी साइट राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची, ‘वाहन समन्वय’ नावाची. चोरीच्या किंवा पोलिसांना हव्या असलेल्या गाड्यांशी तुमची गाडी जुळते का, हे तिथे कळतं.

हे सगळं नंबरावर चालतं, म्हणून नंबर त्याच गाडीचा आहे याची खात्री आधी हवी. चेसिस नंबर १७ अक्षरांचा असतो आणि मारुतीचा ‘एमए३’ ने सुरू होतो. इंजिनखोलीत मागच्या पत्र्यावर तो कोरलेला दिसेल. चिंधीने पुसून घ्या, वर पातळ कागद धरून पेन्सिल घासा, एजंट लोक काढतात तशी पेन्सिल प्रिंट काढा आणि घरी निवांत आरसीशी अक्षर न् अक्षर ताडा. अक्षरांची खोली आणि अंतर सारखं हवं. त्या पट्टीभोवती घासल्याच्या खुणा, वेल्डिंगचा फुगवटा किंवा आजूबाजूपेक्षा वेगळा रंग दिसला, तर बाकी काही न पाहता परत या. इंजिन नंबरही पाहा. त्या काळच्या डिझेल स्विफ्टचा तो ‘डी१३ए’ ने सुरू होतो आणि आरसीवर १२४८ सीसी लिहिलेलं असतं.

आता पीयूसी. लोक याला पाकिटात ठेवायचा कागद समजतात, पण जुन्या डिझेल गाडीच्या बाबतीत तपासणीचा खरा आकडा छापलेला हा एकमेव सरकारी कागद आहे. बीएस-४ च्या आधीच्या गाडीला पीयूसी सहा महिन्यांची मिळते, बीएस-४ ला वर्षाची. २०१० साली देशभर बीएस-३ लागू होतं आणि मोजक्या मोठ्या शहरांत बीएस-४, त्यामुळे तुमची गाडी कशात बसते ते आरसी पाहूनच ठरवा. धुराची मर्यादा बीएस-४ च्या आधीच्या डिझेलला २.४५ आणि बीएस-४ ला १.६२ आहे. प्रमाणपत्रावर तुमच्या गाडीचा आकडा यासमोर छापलेला असतो. मर्यादा २.४५ आणि आकडा २.३ असेल तर गाडी कायद्याने पास आहे, पण इंजेक्टर, टर्बो किंवा एअर फिल्टरकडे बोट दाखवते आहे. उलट इतक्या जुन्या डिझेलचा आकडा जवळपास शून्य छापलेला असेल, तर नळी सायलेन्सरमध्ये घातलीच नसावी अशी शंका घ्यायला जागा आहे. डीलरकडे जुन्या पीयूसी मागा, दोन-तीन मिळाल्या तरी चालेल. आणि सौद्याआधी तुमच्या डोळ्यांदेखत नवी काढा. दहा-पंधरा मिनिटं चालवून इंजिन गरम झाल्यावर, ऑपरेटरने नळी घालून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून केलेली चाचणी हवी. खर्च किरकोळ आहे, आणि गाडीच्या आजच्या तब्येतीचा त्याहून स्वस्त आकडा दुसरा मिळत नाही.

पीयूसीच्या तारखांमध्ये वर्ष-दीड वर्षाची पोकळी दिसली तर दोनच शक्यता. एक तर गाडी कागदांविना चालली, किंवा ती उभी होती. उभी राहिलेली डिझेल गाडी कमी चाललेली म्हणून चांगली असं समजू नका. टाकीत पाणी धरून आतून गंज चढतो आणि तो पंपात, इंजेक्टरमध्ये जातो. ब्रेकची कॅलिपर धरतात, टायर एका जागी चपटे होतात. आपल्याकडे गोदामात किंवा खळ्यात गाडी ठेवली की उंदीर बॉनेटखाली घरटं करून वायरी कुरतडतात. तुटलेली वायर एकदा जोडता येते, पण पाच ठिकाणी कुरतडलेला हार्नेस (वायरींचा जुडगा) वर्षभर छळतो.

विम्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण अपघाताचा माग इथेच लागतो. हल्लीची थर्ड पार्टी पॉलिसी या कामाला निरुपयोगी आहे, तिच्यात गाडीच्या स्वतःच्या नुकसानीची काहीच नोंद नसते. शेवटची फुल इन्शुरन्सची पॉलिसी मागा, आणि शक्य असेल तर तिच्याआधीच्या दोन. त्यावर ‘नो क्लेम बोनस’ अशी ओळ असते. सलग क्लेम न घेता वर्षं गेली तर हा बोनस २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा चढत जातो. मधे एकदा क्लेम घेतला की पुढच्या वर्षी शून्य. म्हणजे ५० टक्के लिहिलेली पॉलिसी सांगते की पाच वर्षं त्या मालकाने विम्यातून दुरुस्ती करून घेतलेली नाही. समजा, २०१४ च्या पॉलिसीत ४५ आहे आणि २०१५ च्या पॉलिसीत शून्य. याचा अर्थ त्या एका वर्षात काहीतरी घडलं. पण लगेच ‘अपघाताची गाडी’ म्हणून शिक्का मारू नका. बोनस शून्य व्हायला आणखी दोन कारणं असतात: पॉलिसी संपून ९० दिवसांहून जास्त काळ गेला, किंवा मालक बदलला. बोनस मालकाचा असतो, गाडीसोबत जात नाही. म्हणून दोन्ही पॉलिसींच्या सुरू आणि संपायच्या तारखा पाहा, नाव पाहा. तारखा सलग आहेत, नाव तेच आहे आणि तरी शून्य आहे, तर क्लेम झालेला आहे. मग सरळ विचारा, काय ठोकलं होतं? बंपर आणि हेडलाइट बदलला असेल तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. उत्तर टाळलं गेलं तर मात्र गाडी रॅम्पवर चढवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

याहून गंभीर बाब टोटल लॉसची. दुरुस्तीचा खर्च विमा रकमेच्या ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते, मालकाला पैसे देते आणि सांगाडा विकला जातो. तोच सांगाडा ठोकून-रंगवून पुन्हा बाजारात येतो. आरसीवर याची खूण नसते. वहीत मात्र दिसते: विमा अचानक थांबतो, वर्षभर पीयूसी नाही, सर्व्हिस नाही, आणि मग एकदम नवा मालक किंवा थर्ड पार्टी पॉलिसी.

पाण्यात गेलेल्या गाड्यांचंही असंच. नाशिकला गोदावरीला २ ऑगस्ट २०१६ ला मोठा पूर आला होता. आपल्याकडे ऑगस्ट २०२१ च्या शेवटी चाळीसगावात पाणी घुसलं. या तारखा वहीत आधीच लिहून ठेवा आणि त्यांच्यानंतरच्या सहा महिन्यांत क्लेम, मोठं बिल किंवा शुकशुकाट दिसतो का बघा. गाडीत पाहायची जागा म्हणजे सीटबेल्ट. पट्टा शेवटपर्यंत ओढून काढा. वरचा भाग रोज पुसला जातो, तळाशी गुंडाळलेल्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मात्र चिखलाची रेघ राहून जाते. सीटच्या रुळांखालचे बोल्ट, डिकीतल्या स्टेपनीखालचा खड्डा आणि डॅशबोर्डखालच्या वायरींचे कनेक्टर टॉर्च लावून पाहा. कनेक्टरवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी भुकटी असेल तर ती गाडी माझ्या मते फुकटही महाग आहे.

सर्व्हिस सेंटरची नोंद हा मीटरवर उत्तम उतारा. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर दिला की आधीच्या सर्व्हिसच्या तारखा, किलोमीटर आणि केलेलं काम त्यांच्या संगणकावर दिसतं. मालकाच्या परवानगीशिवाय ते कागद देतीलच असं नाही, म्हणून नाशिकच्या मालकाला फोन लावायला सांगा किंवा डीलरलाच सोबत घेऊन जा. ‘सर्व्हिस करून घेतो आणि हिस्ट्री काढतो, खर्च माझा’ असं म्हणा, नाही म्हणायला त्याला जागा उरत नाही. वॉरंटी संपली की बहुतेक लोक बाहेरच्या गॅरेजला जातात, त्यामुळे नोंद चौथ्या-पाचव्या वर्षी थांबलेली असेल. हरकत नाही, शेवटचा आकडाही पुष्कळ बोलतो. समजा, मे २०१४ च्या बिलावर ६१,००० किलोमीटर आहेत. साडेतीन वर्षांत ६१,००० म्हणजे वर्षाला सतरा हजारांच्या वर. आज मीटर ७२,००० दाखवतं, म्हणजे पुढच्या जवळजवळ बारा वर्षांत फक्त ११,०००? एवढी कमी चालायची तर ती वर्षानुवर्षं उभीच असणार, आणि मग पीयूसीच्या पोकळ्या, जुने टायर आणि उभ्या गाडीच्या सगळ्या खुणा दिसायला हव्यात. तेव्हा वर्षाला सतरा हजार चालणारी गाडी पुढेही तशीच चालली असेल असं धरा आणि दोन लाखांच्या पुढच्या इंजिनाचा भाव द्या. शेवटच्या बिलात ७२,००० पेक्षा मोठा आकडा निघाला, तर हिशेबाचीसुद्धा गरज नाही.

मीटरशी ताडायला गाडीवरही तारखा असतात. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. चारही टायर आणि स्टेपनी वाचा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीची खूण आणि सालाचा आकडा असतो. एकीची कंपनी किंवा साल वेगळं असेल तर ती बदललेली आहे. समोरची काच दगडाने फुटते, त्यात विशेष नाही. एकाच बाजूच्या दोन दारांच्या काचा नव्या असतील तर त्या बाजूने मार बसलेला आहे. एक हेडलाइट पिवळट आणि दुसरा लख्ख, हेही तेच सांगतं. क्लच आणि ब्रेक पेडलचं रबर पार झिजलेलं किंवा कोरं नवं, स्टिअरिंग गुळगुळीत, ड्रायव्हर सीटची कड बसलेली, आणि मीटर ७२,०००? जमत नाही.

पत्र्यासाठी दोनशे रुपयांची अक्कल पुरते: चांगला टॉर्च आणि फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक. मूळ पत्र्यावर चुंबक घट्ट बसतं, पुटी भरलेल्या जागी घसरतं. तुमच्या गॅरेजवाल्याकडे पेंटची जाडी मोजायचं यंत्र असेल तर उत्तमच. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतो, पुन्हा मारलेला त्याच्या दुप्पट-तिप्पट, आणि पुटी असेल तर आकडा ५०० च्या पुढे जातो. बॉनेट उघडून दोन्ही बाजूंच्या अप्रनची कड पाहा. कंपनीचे स्पॉट वेल्ड सारख्या अंतरावर वाटीसारखे दबलेले असतात, सीलरची रेघ एकसारखी असते. हाताने फासलेला सीलर वेडावाकडा आणि नखाला मऊ लागतो. बॉनेटच्या आणि दारांच्या बिजागऱ्यांच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर ते खोललेले आहेत. दार खोलणं समजू शकतं, अप्रन कापलेलं चालवून घेऊ नका. समोरून धडकल्यावर तुमचं इंजिन आणि चाकं जागेवर धरणारा तोच पत्रा आहे.

खान्देशात चाललेल्या गाडीला एक वेगळी तपासणी लागते, आणि डीलर धुळ्याचा असल्याने ही काही काळ धुळे-शिरपूर पट्ट्यात फिरली असण्याची शक्यता आहे. आपली काळी माती चाकांच्या वरच्या घुमटीत आणि दाराखालच्या पट्टीत घट्ट बसते. वरून गाडी धुतली तरी ती निघत नाही. पावसाळ्यात तीच माती महिनोन् महिने ओल धरते आणि पत्रा आतून खाते. गाडी रॅम्पवर चढवा, दाराखालच्या पट्टीतली पाणी जायची भोकं मोकळी आहेत का पाहा, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. खणखणीत आवाज हवा. बद्द आवाज आला किंवा लाल भुकटी गळाली तर आत पत्रा गेलेला आहे. तळाला ताजं काळं कोटिंग मारलेलं असेल, तर ते गंज रोखायला आहे की झाकायला, हे ठोकूनच कळेल.

इंजिनबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते काम तुमच्या मेकॅनिकचं. सकाळी जा आणि आदल्या रात्रीच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावा, थंड हवं. सुरू करताना पहिले दोन-तीन सेकंद समोरून साखळी खडखडल्यासारखा आवाज आला तर टायमिंग चेन सैल झाली आहे. गरम झाल्यावर ऑइल भरायचं झाकण काढून उलटं ठेवा. ते नुसतं थरथरलं तर ठीक, उडायला लागलं आणि धुराचे लोट आले तर रिंगा-सिलिंडर झिजलेत. एसी लावून अर्धा तास गर्दीत चालवा. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात कूलिंग कमजोर असेल तर सुई तिथेच वर चढते, वडिलांना घेऊन जाताना रस्त्यात कळण्यापेक्षा ते बरं.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट: आरसी नाशिकच्या मालकाच्या नावावर आणि सह्या केलेले फॉर्म डीलरकडे. फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घेऊन गाडी हातोहात फिरवणं सर्रास चालतं. त्यामुळे मधे किती जणांनी गाडी वापरली हे आरटीओलाही माहीत नसतं, ‘सिंगल ओनर’ लिहिलेलं राहतं आणि तुमच्या वहीतला मोठा काळ कोरा पडतो. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला परिवहन खात्याचं प्राधिकारपत्र लागतं आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद फॉर्म २९-सी ने व्हावी लागते. ते दोन्ही पाहायला मागा. काही असलं तरी मूळ मालकाशी तुम्ही स्वतः बोला: गाडी कधी, कुणाला दिली, तेव्हा किती किलोमीटर होते, नोव्हेंबरच्या पासिंगला तुम्ही अर्ज केला होता का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘कसलं पासिंग?’ असं आलं तर तिथेच थांबा. नाव ऑनलाइन चढवताना त्यांच्या नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी जातो, म्हणजे त्यांची गाठ पडणारच आहे, ती पैसे देण्याआधी पडू द्या. आरसीवर बोजा दिसत असेल तर बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ झाल्याशिवाय नाव चढत नाही.

पासिंगची पावतीही मागा. १ एप्रिल २०२२ पासून चारचाकीची ही फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये जादा, शिवाय पर्यावरण कर. एवढा खर्च करून लगेच विकायला का काढली, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. पुष्कळदा पासिंग विक्रीसाठीच केलेलं असतं, त्यात गैर नाही, फक्त भाव लावताना ते ‘देखभाल’ म्हणून मोजू नका.

ही गाडी नाकारून दुसरीकडे वळलात तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. सीएनजीची गाडी असेल तर सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी लागते. तारीख सिलिंडरवरच्या पट्टीवर असते आणि प्रमाणपत्र वेगळं, दोन्ही जुळली पाहिजेत. आणि पूर्वी पिवळ्या पाटीवर, म्हणजे टॅक्सी म्हणून, चाललेली गाडी असेल तर तिच्या तपासण्या जास्त झालेल्या असतात, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी. कागद भरपूर मिळतील, पण धावही तेवढीच जास्त असेल.

शालकांची अडचण समजते. ओळखीत कागद मागायला संकोच वाटतो. म्हणून मागणी त्यांनाच करू द्या: ‘पाव्हण्यांना जुन्या पॉलिसी, दोन पीयूसी आणि सर्व्हिसची बिलं बघायची आहेत.’ आठवडाभरात जे मिळेल ते वहीत भरा. सौदा ठरलाच तर पैसे बँकेतून द्या, आणि ताबा पावतीवर तारखेसोबत वेळही लिहून दोघांच्या सह्या घ्या. ताब्याच्या आधीचा दंड आणि भानगड त्यांची, नंतरची तुमची. विमा तुमच्या नावावर करून घ्यायचा अर्ज १४ दिवसांच्या आत द्या.

आखाजी जवळ आली आहे. नाशिकच्या मालकाचा फोन आणि सर्व्हिस सेंटर ही दोन कामं याच आठवड्यात उरका, बाकी सगळं त्यावर ठरेल. वहीच्या पानाचा आणि मिळालेल्या कागदांचा फोटो आम्हाला पाठवा. त्यावर मालकाचं नाव, पत्ता आणि मोबाईल झाका, तारखा आणि किलोमीटर दिसू द्या. कुठे जुळत नाही ते पाहून लगेच कळवतो.